गवत दिवाळीनंतर कापा, साहेब

महाराष्ट्रातल्या तमाम कारखान्यांच्या प्लँट हेडना, एका मेंटेनन्सवाल्याचं खुलं पत्र



'साहेब' म्हणतो आहे त्यात मॅडमही आल्याच. हे पत्र एकट्या आमच्या साहेबांना लिहिलं असतं तर एचआरच्या ट्रेमध्ये पडून राहिलं असतं. शिवाय आमच्याकडे साहेब दर तीन वर्षांनी बदलतात. म्हणून तुम्हा सगळ्यांना उघडच लिहितो. मागणी एकच आहे आणि ती पगारवाढीची नाही. कारखान्याच्या मागच्या मोकळ्या जागेची जी साफसफाई तुम्ही दर एप्रिल-मेमध्ये करून घेता, ती दिवाळीनंतर करा. ठेकेदार तोच, खर्च तोच, फक्त वर्क ऑर्डरवरची तारीख बदला.

खरं तर एवढंच म्हणायचं होतं. पण एवढ्यावर कोणी तारीख बदलत नाही, हे २७ वर्षांच्या नोकरीत कळलंय. म्हणून पुढचं.

मी छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत एका कारखान्यात कामाला आहे. कंप्रेसर, पंप आणि कूलिंग टॉवर ही माझी जबाबदारी. पक्ष्यांचा नाद लागला तो कूलिंग टॉवरमुळेच. पंख्याचं बेअरिंग गेलं म्हणून वर चढलो होतो, आणि खालून स्टोअरचा माणूस बेअरिंग आणेपर्यंत बसून राहण्याशिवाय काम नव्हतं. वरून ईटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरणाचं, तळं दिसत होतं. त्याच्या कडेनं लाल काड्यांसारख्या पायांचे, पांढऱ्या पोटाचे चार-पाच पक्षी सावकाश चालत होते, लुगडं भिजू नये म्हणून बाई ओढा ओलांडते तसे. मला वाटलं, परदेशातून आलेले असणार. गेटवर आल्यावर सांगितलं तर बागेच्या ठेक्यावरची मावशी हसली. म्हणाली, "ते व्हय? ते शेकाटे. ते कायमच असत्यात." मी त्या तळ्याचा पंप तेव्हा बारा वर्षं सांभाळत होतो.

त्या दिवाळीच्या बोनसमध्ये सेकंडहँड कॅमेरा घेतला आणि ७०-३०० ची लेन्स. मग अडचण आली गेटची. आवारात फोटो काढायला बंदी, पाहुण्यांच्या मोबाइललासुद्धा कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात. यात चूक काही नाही, आतली डिझाइनं बाहेर जायला नकोत. मी अर्ज दिला, तो चार महिने फिरला आणि तीन अटींवर मंजूर झाला. लेन्स शेडकडे वळवायची नाही, ड्यूटीच्या वेळेत फोटो काढायचे नाहीत, आणि दर शनिवारी सगळे फोटो सिक्युरिटी ऑफिसरला दाखवायचे. आमचे ऑफिसर माजी सैनिक. सुरुवातीला ते फोटो भराभर पुढे ढकलायचे, कुठे मशीनचा कोपरा दिसतोय का एवढंच बघायचे. एकदा शिक्र्याच्या फोटोवर थांबले. "हा कोण? नजर बघा याची, हवालदार मेजरसारखी." आता वॉकीटॉकीवर तेच मला कळवतात, "मामा, तीन नंबरच्या हायमास्टवर आपला माणूस आलाय."

ड्यूटीची वेळ सोडून म्हणजे मला मिळतात किती मिनिटं? कंपनीची बस सहा चाळीसला पोचते आणि पहिली शिफ्ट सातला लागते. ती वीस मिनिटं आणि जेवणाच्या सुट्टीतली उरलेली दहा. माझे काही मित्र रविवारी नाथसागरावर, नाहीतर थेट भिगवणला जातात. तोफेएवढ्या लेन्स आणि त्यापुढे रोहित पक्ष्यांचे थवे. त्यांचे फोटो माझ्यापेक्षा कितीतरी चांगले येतात, हे मान्यच. पण तोच पक्षी मंगळवारी काय करतो हे त्यांना माहीत नसतं. मला माहीत असतं, कारण मला रजा नसते. वेडा राघू फायर हायड्रंटच्या लाइनीवरच्या त्याच वायरवर त्याच जागी परत येतो, धरलेली माशी वायरवर आपटून-घासून तिची नांगी काढतो आणि मगच गिळतो. हे एकदा बघून कळत नाही, महिनाभर रोज सात मिनिटं बघून कळतं.

हा नाद मुळात नोकरदारांचाच असावा. मुंबईच्या पक्ष्यांवर १९०० साली पुस्तक काढणारे ईएचए, म्हणजे एटकेन, कस्टम आणि मीठ खात्यात होते. सलीम अलींनी १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला सुगरणीचा अभ्यास केला तेव्हा त्यांची म्युझियममधली नोकरी गेलेली होती. एकाला नोकरी होती, दुसऱ्याला नव्हती. बघितलं दोघांनी अंगणासमोरचंच.

आता टिटवी.

आमच्या ट्रान्स्फॉर्मर यार्डात खडी अंथरलेली आहे. फॉल्ट झाला तर पायातून करंट जाऊ नये, तेल सांडलं तर खाली झिरपावं आणि गवत उगवू नये म्हणून ती टाकतात. एका मेमध्ये टिटवीनं तिचा चौथा उपयोग शोधला. खडीत वीतभर खळगा, भोवती बारीक खड्यांचं कडं, आणि आत चार अंडी, टोकं आतल्या बाजूला, एका परातीभोवती चौघं जेवायला बसावेत तशी. रंग खडीचाच, वर काळपट डाग. जागा माहीत असूनही दर वेळी मला ती नव्यानं शोधावी लागत. यार्डाला जाळीचं कुंपण, त्यामुळे कुत्री आत येत नाहीत, आणि 'सावधान ४४० व्होल्ट'च्या पाटीमुळे माणसंही येत नाहीत. याहून चांगली जागा तिला अख्ख्या वाळूजमध्ये मिळाली नसती. मावशीला सांगितलं तर तिनं आधी विचारलं, अंडी किती? चार म्हटल्यावर म्हणाली, "मग चारी महिने पाऊस हाय." जागा उंचावर आहे की खोलात, तेही विचारलं. टिटवीनं खोलात अंडी घातली तर पाऊस कमी, असं तिच्या गावात धरतात. यार्ड रस्त्यापेक्षा दीड फूट उंच आहे. मावशी खूश झाली.

त्या मेमध्ये पारा ४२ च्या पुढे होता. दुपारी ती खडी हाताला चटका देते. अंडी उबवायची म्हणजे गरम करायची असं आपण समजतो, इथे प्रश्न त्यांना गार ठेवण्याचा होता. जेवणाच्या सुट्टीत मी स्टोअरच्या खिडकीत उभा राहायचो. कूलिंग टॉवरच्या ओव्हरफ्लोनं भिंतीलगत एक डबकं झालं होतं. टिटवी अंड्यांवरून उठायची, डबक्यात जाऊन पोट टेकून बसायची आणि अंग घुसळायची, पोटाची पिसं चांगली भिजेपर्यंत. मग उडत थेट अंड्यांवर येत नसे. कुंपणाच्या आत उतरून, इकडे तिकडे काही टिपल्याचं नाटक करत, वळसा घालून चालत यायची आणि अंड्यांवर बसायची. पोटाखालून पाणी टपकताना मी दुर्बिणीतून पाहिलं आहे. थोड्या वेळानं नर यायचा, ती उठायची, तो बसायचा. त्याचंही पोट ओलं.

साहेब, आम्ही कूलिंग टॉवरमध्ये दुसरं काय करतो? पाणी सोडायचं, त्यावरून हवा खेळवायची आणि बाष्पीभवन होताना उष्णता काढून घ्यायची. आमच्या टॉवरला त्यासाठी दोन मोटारी लागतात आणि त्यांचं वीजबिल तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

त्या ओव्हरफ्लोची गळती मी सहा आठवडे काढली नाही. लॉगबुकात 'निरीक्षणाखाली' असं लिहीत राहिलो. आमच्या साहेबांनी हे इथे वाचलं तर वाचू दे.

स्टोअरच्या खिडकीत मी का उभा राहायचो, तेही सांगतो. आधीच्या वर्षी मी शहाणा नव्हतो. त्या वर्षी टिटवीचं घरटं पार्किंगमागच्या मुरमाड पट्ट्यात होतं. जेवणाच्या सुट्टीत कॅमेरा घेऊन मी पंधरा फुटांवर जाऊन बसलो. ती उठली आणि डोक्यावर घिरट्या घालत ओरडत राहिली. मला वाटलं, थोड्या वेळात सरावेल. माझी सुट्टी संपेपर्यंत ती बसली नाही आणि अंडी भर उन्हात उघडी राहिली. फोटोसुद्धा धड आले नाहीत, कारण दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा हलते आणि सगळं चित्र पाण्यात धरल्यासारखं डचमळतं. पुढे चारातल्या तीनच अंड्यांतून पिल्लं निघाली. चौथं माझ्यामुळेच गेलं का, हे सांगता येणार नाही. पण तेव्हापासून घरट्याचा फोटो काढायचा तर खिडकीच्या आडून, लांबून आणि सकाळी सातच्या आत. घरटी कुठे आहेत हे मित्रांनाही सांगत नाही, कारण मग रविवारची सगळी फौज गेटवर येईल.

यार्डातली चारही पिल्लं निघाली. टिटवीची पिल्लं घरट्यात राहत नाहीत, अंगावरचं ओलं वाळलं की चालू लागतात. ती चार कापसाची बोंडं दुसऱ्या दिवशी जाळीखालून निघून फोर्कलिफ्टच्या रस्त्यावर आली. फोर्कलिफ्टवरचा पोरगा बिहारचा, त्यानं गाडी बंद केली, खाली उतरला आणि दोन्ही हात पसरून मागची ट्रॉली अडवली. "टिटहरी के बच्चे हैं," म्हणाला. आईनं इशारा दिला की चौघंही जागच्या जागी जमिनीला चिकटत आणि दिसेनाशी होत. सहा मिनिटं डिस्पॅच थांबलं होतं. तुमच्या रिपोर्टमध्ये ते 'मटेरियल हँडलिंग' या सदरात गेलं असेल.

आता ज्याच्यासाठी हे पत्र, ते.

आमच्या मागच्या बाजूला पुढच्या विस्तारासाठी राखलेला अडीच एकरांचा तुकडा आहे. कागदावर तो 'रिकामा प्लॉट'. मुळात वाळूजचा हा सगळा भाग माळच होता, आणि त्या माळाचा तेवढा तुकडा आमच्याकडे शिल्लक राहिला आहे. कुसळी गवत, मध्ये मध्ये उघडा मुरूम, चार बाभळी, एक बोर. दोन वर्षांपूर्वीच्या मेमध्ये तिथे टिटवीचं एक घरटं होतं आणि मुरारीचं एक. मुरारी हा चिमणीएवढा चंडोलाच्या कुळातला पक्षी, नराचं पोट काळं, मादी मातीच्या रंगाची. त्यांचं घरटं म्हणजे ढेकळाच्या सावलीतली वाटी. कॉर्पोरेटची माणसं व्हिजिटला येणार म्हणून जागा 'नीटनेटकी' करायचं ठरलं. सकाळी नऊला जेसीबी लागला. टिटव्या बकेटच्या तोंडावर झडप घालत होत्या, तो आवाज पार कंप्रेसर रूममध्ये येत होता. तीनपर्यंत अडीच एकर खरवडून झाला. मला दोन्ही घरटी माहीत होती आणि मी बोललो नाही. मेंटेनन्सवाल्यानं बागेच्या कामात बोलू नये असा आमच्याकडे रिवाज आहे. पुढचे दोन दिवस टिटव्यांची जोडी त्या सपाट जमिनीवर नुसती उभी होती.

व्हिजिटला आलेल्यांपैकी कोणी मागे फिरकलंही नाही. जूनच्या पहिल्याच पावसात खरवडलेल्या प्लॉटची माती वाहून आली आणि पावसाळी गटार तुंबलं. ते उपसायला मात्र मला बोलावलं. दोन ट्रॉल्या माती निघाली.

गवत कधी कापतात हे कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. दसरा उलटला, गवत पिकलं, बी झडलं की कापतात, जनावरांना वैरण होते. मेमध्ये कोणी माळ खरवडत नाही. तेव्हा तिथे खुंट आणि मुळं एवढंच उरलेलं असतं, आणि तेवढीच माती धरून ठेवतात. तुमच्या सेफ्टीवाल्यांची हरकत मला पाठ आहे: वाळलं गवत म्हणजे आग. अगदी बरोबर. पण ते वाळतं नोव्हेंबर-डिसेंबरात. म्हणजे आगीचा सगळा हंगाम तुम्ही ते उभं ठेवता आणि हंगाम संपत आल्यावर काढता. दिवाळीनंतर कापलंत तर आगीचा धोका अख्खा उन्हाळाभर टळतो. दुसरी हरकत सापांची. तर भिंतीलगत आणि रस्त्यालगत दहा-दहा फुटांचा पट्टा बारा महिने साफ ठेवा, कोण नको म्हणतंय? गटारंही मेमध्येच काढा, ती काढलीच पाहिजेत. फक्त मधली जमीन फेब्रुवारीपासून दिवाळीपर्यंत सोडा. टिटवीची वीण साधारण मार्च ते ऑगस्ट, मुरारी त्याच्याही आधी सुरू करतो, आणि वटवट्या आणि मुनियांसारखे गवतातले पक्षी पावसाळ्यात घरटी करतात. दिवाळीपर्यंत बहुतेकांची पोरं हाताशी आलेली असतात.

जे गवताचं तेच मातीच्या ढिगाचं. नव्या शेडचा पाया खणल्यावर निघालेला ढीग आमच्याकडे पाच वर्षं पडून आहे. त्याच्या उभ्या कापात वेडे राघू चोचीनं हातभर बोगदे पाडतात आणि आत अंडी घालतात. तो ढीग उचलायची आठवण प्रोजेक्टवाल्यांना दर एप्रिलमध्येच का होते, हे मला अजून उमगलेलं नाही. झाडांच्या फांद्यांचंही तसंच. वायरला लागणारी फांदी उतरवावीच लागते, ती थंडीत उतरवा. एप्रिल ते जून कावळ्यांची घरटी भरलेली असतात, आणि कावळा तुमच्या ठेकेदाराचा चेहरा लक्षात ठेवतो.

हरितपट्ट्याबद्दल थोडं बोलतो, तुम्हाला आवडणार नाही. बऱ्याच मोठ्या कारखान्यांना एकूण जागेचा ठरावीक भाग हिरवा राखायची अट असते. ती पुरी करायला माळ उकरून त्यावर ओळीनं कोनोकार्पस लावतात, कारण तो लवकर वाढतो आणि फोटोत हिरवा दिसतो. गुजरात सरकारनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. आमच्या कोनोकार्पसच्या रांगेत गेल्या सहा वर्षांत मी एकही घरटं पाहिलेलं नाही. २०२३ मध्येच देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवालही आला. ३० हजारांहून जास्त हौशी पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरून ९४२ जातींचा आढावा घेतलेला. त्यात गवताळ माळांवरच्या पक्ष्यांची मोठी घट दिसते. म्हणजे ज्याला आपण 'रिकामा प्लॉट' म्हणतो, तिथलेच रहिवासी कमी होताहेत. झाडं लावाच, पण माळ मोडून नको.

कायद्याचं एकच वाक्य, बाकी तुमच्या लीगलला विचारा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात जंगली पक्ष्यांची अंडी फोडणं आणि घरटी विस्कटणंही येतं.

आणि आता एक सूचना, तुमच्या कामाची. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सलीम अलींचा. २०२० पासून आपलं राज्य सरकार या दोन तारखांमधला आठवडा 'पक्षी सप्ताह' म्हणून पाळतं. चितमपल्लींनी सगळी नोकरी वनखात्यात केली, म्हणजे त्यांचं ऑफिसच जंगल. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. बऱ्याच कंपन्या त्या आठवड्यात बॅनर लावतात, पोस्टर स्पर्धा घेतात, आमच्याकडे तर केकही कापतात. ठीक आहे. पण तो आठवडा येतो नेमका दिवाळीच्या पुढेमागे. मग त्याच आठवड्यात गवत कापायला घ्या ना. ग्रास कटरच्या पुढे माहितीतला एक माणूस चालत ठेवा, कुठे उशिराची घरटी असतील तर तेवढा तुकडा तो सोडायला सांगेल. मी आमच्याकडे चालेन, ओव्हरटाइम मागणार नाही. फोटो काढा, सीएसआरच्या पुस्तिकेत छापा. पक्षी सप्ताहात पक्ष्यांसाठी गवत कापणारी कंपनी दुसरी मिळणार नाही.

परवा गुढीपाडवा झाला. मागच्या प्लॉटवर टिटव्यांची जोडी पुन्हा आली आहे. काल सकाळी सहा पन्नासला मादी खळगा करताना दिसली, आज दोन अंडी आहेत. खरवडकामाची वर्क ऑर्डर पुढच्या आठवड्याची निघाली आहे, तिची प्रत मी पाहिली. या खेपेला मी रिवाज मोडला. स्टोअरमधून लाल-पांढरी बॅरिकेड टेप काढली, चार पाइप रोवले आणि वीस फुटांचा चौकोन बांधून त्यावर 'काम चालू आहे' ही पाटी लटकवली. टेपच्या नोंदवहीत सही माझीच आहे. दुपारी सिव्हिलचा सुपरवायझर आला. पाटी बघितली, आत बघितलं, आत काहीच नव्हतं. म्हणजे त्याला दिसलं नाही.

"मामा, इथं कसलं काम चाललंय?"

"कूलिंगचं," मी म्हटलं.

"किती दिवसांचं?"

"अजून दोन यायची आहेत. ती आली की तिथून अठ्ठावीस दिवस धरा."

त्यानं डायरी काढली आणि लिहून घेतलं.

आपला विश्वासू,
मेंटेनन्स विभाग, पहिली शिफ्ट